मावशीची मिश्री आणि फॉर्ममधला रकाना

नेहमीप्रमाणे जे बोलले तेच थोडं नीट करून टाकलंय. वाक्यं मध्येच वळली तर सांभाळून घ्या.

आजचा विषय घरातून आलाय. गेल्या वर्षी माझ्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झाला. मावशी कराडजवळच्या गावात राहते, वय साठच्या आसपास. पुण्याला दाखवायला आणलं तेव्हा नाव नोंदवायला एक मुलगी टॅब घेऊन बसली होती. भराभर प्रश्न. दारू घेता? नाही. सिगारेट? मावशीला हसूच फुटलं. "अगं बाई, मी कशाला सिगरेट ओढतीय!" मुलीनेही हसून 'व्यसन नाही'वर टिक केलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

मी शेजारीच बसले होते. मावशीच्या पिशवीत मिश्रीची डबी आहे हे मला पक्कं माहीत होतं. लहानपणी सुट्टीला गेलं की सकाळी चुलीवर तवा, तव्यावर तंबाखू, तो काळा होईपर्यंत भाजायचा आणि मग चुरायचा. त्या धुराने आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. मग मावशी, आजी, शेजारच्या दोघी-तिघी ओट्यावर बसून बोटाने दात घासत गप्पा मारायच्या. ते व्यसन आहे असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलंच नाही. ते 'दात घासणं' होतं. आणि त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मीही तोंड उघडलं नाही.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी एका रात्री झोपता झोपता मावशी म्हणाली, "पोरी, माझ्या मिश्रीनंच झालं का गं हे?"

मी म्हटलं, "नाही गं, असं काही नसतं." अगदी ठाम आवाजात. खरं तर मला शष्प माहीत नव्हतं. शिक्षण बीटेक, काम कोड लिहायचं. पण उत्तर ठोकून दिलं होतं, आणि ते मला टोचत राहिलं. मग मी शोधायला लागले की दारू, तंबाखू आणि स्तनाचा कॅन्सर यांचा संबंध माणसाने शोधला कसा. आणि मुख्य म्हणजे कुठल्या बायकांना विचारून शोधला. ही गोष्ट जास्त करून अमेरिकेची आहे. शेवटी आपल्याकडे येतेच.

सुरुवात बेटी फोर्डपासून करू. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांनी राजीनामा दिला आणि जेराल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले. बेटी त्यांची बायको. व्हाइट हाउसमध्ये येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात त्यांना स्तनात गाठ असल्याचं कळलं आणि २८ सप्टेंबरला ऑपरेशन झालं. तोवर हा आजार अमेरिकेतही कुजबुजत सांगायचा होता. मृत्यूच्या बातमीत 'दीर्घ आजार' लिहायचे. फोर्ड कुटुंबाने तो जगाला उघड सांगितला. देशभर बायका तपासणीसाठी रांगा लावायला लागल्या, इतक्या की त्या काळातल्या आकड्यांच्या आलेखात एक उंचवटा दिसतो. रुग्ण वाढले नव्हते, सापडायला लागले होते.

चार वर्षांनी, एप्रिल १९७८ मध्ये, साठाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी घरच्यांनी बेटींना समोर बसवून सांगितलं की तुझी दारू आणि वेदनाशामक गोळ्या हाताबाहेर गेल्यात. त्या नौदलाच्या हॉस्पिटलात दाखल झाल्या आणि हेही त्यांनी जगाला सांगितलं. १९८२ मध्ये त्यांच्या नावाचं व्यसनमुक्ती केंद्र कॅलिफोर्नियात उघडलं. एकाच बाईने कॅन्सर आणि दारू या दोन्ही गोष्टी लाजेच्या कोपऱ्यातून बाहेर काढल्या. पण त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कुणी बघत नव्हतं. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर रुग्णांच्या मुलाखतींच्या एका मोठ्या अभ्यासात दारू आणि स्तनाच्या कॅन्सरचा संबंध दिसला होता, तो तज्ज्ञांच्या जर्नलमध्येच राहिला. (बेटींचा कॅन्सर दारूमुळे झाला असं मी म्हणत नाहीये. एका माणसाबद्दल असं कुणालाच सांगता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.)

आता तंबाखू. इथे कॉलेजातल्या मार्केटिंगच्या पोरांचा लाडका किस्सा येतो. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार, न्यूयॉर्कचा फिफ्थ ॲव्हेन्यू. चांगल्या घरातल्या तरुण मुली मिरवणुकीत चालता चालता सिगारेट पेटवतात. बाईने रस्त्यावर सिगारेट ओढणं तेव्हा चारित्र्याचा प्रश्न होता. पेपरवाल्यांना सांगितलं गेलं की या स्वातंत्र्याच्या मशाली आहेत. मागे होता एडवर्ड बर्नेज, सिग्मंड फ्रॉइडचा भाचा, आणि त्याचं बिल भरत होती अमेरिकन टोबॅको कंपनी. बर्नेज स्वतःच्या करामती फुगवून सांगायचा असं इतिहासकार म्हणतात, त्यामुळे एका मिरवणुकीने अमेरिका बदलली वगैरे मी मानत नाही. पण कंपन्यांना एक गोष्ट कळली: बायकांना सिगारेट विकायची तर सिगारेट विकू नका, मोकळेपणा विका.

१९६८ मध्ये फिलिप मॉरिसने फक्त बायकांसाठी व्हर्जिनिया स्लिम्स आणली. बारीक, लांब. जाहिरातीत जुन्या काळातली चोरून ओढणारी बाई आणि शेजारी आजची झोकात उभी असलेली बाई. दोनच वर्षांत बिली जीन किंगसारख्या खेळाडूंच्या महिला टेनिस स्पर्धांना याच ब्रँडचे पैसे लागले. म्हणजे बघा, बायकांना समान बक्षीस मिळावं म्हणून लढणाऱ्या खेळाडू, आणि पाठीमागच्या बॅनरवर सिगारेट! त्यांना दोष द्यायला मला जमत नाही. तेव्हा बाकी कोण पैसे देत होतं? पण १९९४ मध्ये एका अभ्यासाने मागे वळून पाहिलं, तर १८ वर्षांखालच्या अमेरिकन मुलींचं सिगारेट सुरू करण्याचं प्रमाण नेमकं १९६७ च्या आसपास चढायला लागलेलं दिसलं. मुलांचं तसं चढलं नव्हतं. १९८७ मध्ये अमेरिकन बायकांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू स्तनाच्या कॅन्सरच्या मृत्यूंच्या पुढे गेले.

गोऱ्या बायकांचं मार्केट झाल्यावर बाकीच्यांचा नंबर. कृष्णवर्णीय वाचकांच्या मासिकांत मेंथॉल सिगारेटच्या जाहिराती वर्षानुवर्षं येत राहिल्या. आजही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सिगारेट ओढणाऱ्यांपैकी दहातले आठहून जास्त जण मेंथॉलच ओढतात. १९९० मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स कंपनी फिलाडेल्फियात 'अपटाउन' नावाची सिगारेट खास कृष्णवर्णीयांसाठी आणणार होती. तिथले डॉक्टर, चर्च, वस्त्यांतले लोक उभे राहिले, देशाचे आरोग्यमंत्री लुई सलिव्हन, जे स्वतः कृष्णवर्णीय डॉक्टर होते, ते जाहीर बोलले, आणि जानेवारीतच कंपनीने माघार घेतली. सिगारेट दुकानात पोचलीच नाही. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात आवडतो, खोटं कशाला बोलू.

पण मार्केटवाले थांबत नाहीत. १९९९ मध्ये व्हर्जिनिया स्लिम्सची नवी मोहीम आली. त्यात आशियाई, लॅटिना, कृष्णवर्णीय, गोऱ्या अशा सगळ्या बायका होत्या, आणि घोषवाक्याचा अर्थ होता, आपला आवाज शोधा. घशाच्या कॅन्सरने ज्यांचा आवाजच गेला त्यांना हे वाचून काय वाटेल, अशी टीका झाली आणि २००० मध्ये ते वाक्य मागे घ्यावं लागलं.

आता जरा गंमत बघा. जाहिरातवाल्यांना बायका वेगवेगळ्या वंशांच्या, वेगवेगळ्या सवयींच्या असतात हे केव्हाच कळलं होतं. संशोधकांकडे मात्र वेगळाच सीन होता.

१९७६ मध्ये हार्वर्डच्या मंडळींनी 'नर्सेस हेल्थ स्टडी' सुरू केला. ११ राज्यांतल्या १,२१,७०० नर्सेस. कल्पना झकास होती. नर्सला वैद्यकीय प्रश्न कळतात, ती फॉर्म नीट भरते आणि परत पाठवते. स्वच्छ डेटा, कुठल्याही इंजिनिअरचं स्वप्न! मे १९८७ मध्ये यातल्या ८९,५३८ नर्सेसचा हिशेब छापून आला. दिवसाला ५ ते १४ ग्रॅम अल्कोहोल घेणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचा धोका न पिणाऱ्यांच्या १.३ पट, १५ ग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्यांमध्ये १.६ पट. त्याच अंकात दुसऱ्या एका टीमचा वेगळा अभ्यास होता, आणि निष्कर्षाची दिशा तीच.

हे ग्रॅम म्हणजे काय, ते आपल्या मापात सांगते. आपल्याकडे स्मॉल पेग ३० मिलीचा. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. गुणाकार केला की एका स्मॉल पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. वाइनचा एक बऱ्यापैकी भरलेला ग्लास, १४ ग्रॅम. आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली? ४० ग्रॅमच्या वर. म्हणजे "मी फक्त बिअर घेते" म्हणणारी माझी मैत्रीण एका बाटलीत चार स्मॉल पेग घेते. तिला सांगितलं तर म्हणाली, तू पॉडकास्ट सुरू केल्यापासून बोअर झालीयेस. असो.

१९८७ ची बातमी लोकांना फार रुचली नाही. त्यात नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या टीव्ही कार्यक्रमाने दाखवलं की फ्रेंच लोक लोणी-चीज हाणतात तरी त्यांना हार्टचा त्रास कमी, आणि श्रेय बहुधा रेड वाइनचं. रेड वाइनची विक्री उसळली. 'रोज एक ग्लास तब्येतीला बरा' हे वाक्य तिथून निघून आपल्या पुण्यातल्या पार्ट्यांपर्यंत आलंय, मी स्वतः ते म्हटलेलं आहे.

पण आता खरी गुंतागुंत. सिगारेटचं काय? सिगारेट ओढणाऱ्या बायकांमध्येही स्तनाचा कॅन्सर थोडा जास्त दिसत होता. काही अभ्यासांत दिसायचा, काहींत गायब. तर पाश्चात्त्य देशांत अडचण अशी की सिगारेट ओढणाऱ्या बायका बऱ्याचदा दारूही पितात. मग दोष कुणाचा?

माझ्या कामातलं उदाहरण देते. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये जोराचा पाऊस पडला की आमचा सर्व्हर बसायचा. दोन महिने आम्ही पावसाला शिव्या घातल्या. कुणी म्हणे केबलमध्ये पाणी जातं. शेवटी कळलं की पाऊस आला की सगळे घरून काम करतात आणि एकाच छोट्या व्हीपीएनवर लोड येतो. पाऊस निर्दोष होता. तो फक्त खऱ्या कारणाबरोबर हातात हात घालून यायचा.

२००२ मध्ये ऑक्सफर्डच्या एका गटाने नेमकी हीच गाठ सोडवायचा प्रयत्न केला. जगभरातले ५३ अभ्यास एकत्र केले, कॅन्सर झालेल्या ५८,५१५ बायका आणि न झालेल्या ९५,०६७. दारूचं उत्तर स्वच्छ आलं: रोजच्या प्रत्येक १० ग्रॅममागे धोका साधारण ७ टक्क्यांनी वाढतो. हे ७ टक्के ऐकून घाबरू नका आणि झटकूनही टाकू नका. श्रीमंत देशांतल्या अजिबात न पिणाऱ्या १०० बायकांपैकी ८० व्या वर्षापर्यंत ८.८ जणींना हा कॅन्सर होतो. रोज एक पेग घेणाऱ्यांत ९.४, दोन घेणाऱ्यांत १०.१, आणि सहा घेणाऱ्यांत १३.३. एकीपुरतं बघितलं तर फरक छोटा, देशापुरता धरला तर हजारो बायका.

सिगारेटचं उत्तर काढायला त्यांनी हुशारी केली. फक्त कधीच न पिणाऱ्या बायका घेतल्या आणि त्यांच्यातल्या ओढणाऱ्या व न ओढणाऱ्या तपासल्या. फरक जवळपास शून्य. म्हणजे सिगारेट पावसासारखी. बरोबर येते, पण कारण नाही. विषय संपला असं बऱ्याच जणांना वाटलं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने दारूमुळे होणाऱ्या कॅन्सरच्या यादीत स्तनाचा कॅन्सर अधिकृतपणे घातला.

पण एक प्रश्न उरला होता, आणि तो मला फार आवडतो. न पिणाऱ्या पण भरपूर ओढणाऱ्या, आणि ज्यांनी कधी सुरू केलं, पहिलं मूल कधी झालं याची नीट नोंद आहे, अशा बायका मोठ्या संख्येने कुठे मिळणार?

मिळाल्या. हवाई आणि लॉस एंजेलिसमध्ये.

१९९३ ते १९९६ मध्ये तिथे 'मल्टीएथनिक कोहोर्ट' नावाचा अभ्यास सुरू झाला होता. ४५ ते ७५ वयाचे २,१५,००० हून जास्त स्त्री-पुरुष, मुद्दाम पाच समाजांतून: जपानी वंशाचे, मूळ हवाईयन, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गोरे. यातल्या निम्म्याहून जास्त बायका दारू पितच नव्हत्या. कारणं वेगवेगळी. कुठे धर्म, कुठे रीत. जपानी वंशात तर शरीरच नको म्हणतं: पूर्व आशियाई लोकांपैकी साधारण एक-तृतीयांश ते निम्म्या लोकांत दारूचं विष पचवणारं एक एन्झाइम नीट चालत नाही, एका घोटात चेहरा लाल होतो. म्हणजे १९८७ च्या, जवळपास सगळ्या गोऱ्या असलेल्या नर्सेसच्या डेटात जे वेगळं काढणं अवघड होतं, ते इथल्या बायकांच्या आयुष्यात आपोआप वेगळं झालेलं होतं.

२०१५ मध्ये नॉर्वेच्या संशोधक इंगर ग्राम आणि सहकाऱ्यांनी यातल्या ८३,३०० बायकांचा निकाल छापला. ज्यांनी पहिल्या बाळंतपणाच्या पाच वर्षांहून आधीच सिगारेट सुरू केली होती, त्यांच्यात स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण एक-तृतीयांशाने जास्त. न पिणाऱ्यांमध्येसुद्धा. आणि पाचही समाजांत चित्र सारखंच. मुलगी वयात आल्यापासून पहिल्या बाळंतपणापर्यंत स्तनाच्या पेशी पक्व व्हायच्या असतात, त्या काळात धूर आत गेला तर तो जास्त लागतो, असा त्याचा अर्थ लावतात. २००२ ची मंडळी खोटं बोलत नव्हती. 'कधी ओढली का, हो की नाही' एवढंच विचारलं तर हा फरक सरासरीत विरघळून जातो.

हो की नाही. बूलियन फील्ड. हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला, कारण दोन वर्षांपूर्वी आरोग्य विम्याच्या एका ॲपसाठी मी स्वतः तो रकाना बनवलाय. 'तंबाखू: होय / नाही.' कधीपासून, कुठल्या प्रकारचा, काही नाही. रिव्ह्यूमध्ये कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. आणि माझ्या घरात तव्यावर तंबाखू भाजला जात होता!

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांचं काय, हेही सांगायलाच हवं. १९९५ मध्ये 'ब्लॅक विमेन्स हेल्थ स्टडी' सुरू झाला, आणि बायका शोधल्या 'एसेन्स' या मासिकाच्या वर्गणीदार यादीतून. ५९,००० जणी! पुढे हा आणि आणखी तीन अभ्यास जोडून २२,३३८ कृष्णवर्णीय बायकांचा दारूचा हिशेब २०१७ मध्ये आला. आठवड्याला १४ किंवा जास्त पेग घेणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला, म्हणजे नियम इथेही तोच. पण कॅन्सर न झालेल्या गटातल्या जेमतेम ३५ टक्के बायका तेव्हा दारू पीत होत्या. आता दुसरी माहिती याच्या शेजारी ठेवा: अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय बायकांमध्ये गोऱ्यांपेक्षा साधारण ४० टक्क्यांनी जास्त आहे, आणि आजार होण्याचं प्रमाण मात्र जास्त नाही. दारूने याचं उत्तर मिळत नाही. उशिरा लागणारं निदान, विमा नसणं, उपचारांत पडणारा खंड, आणि औषधांना कमी दाद देणारा एक प्रकार या बायकांत जास्त असणं, ही त्याची कारणं. म्हणून 'तुझ्याच सवयीमुळे झालं' हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकं फिरतं. सवयींचा हिशेब जरूर करा, पण तो करताना बाकीची पानं फाडू नका.

आता आपल्याकडे. आपल्या मुंबईनेही हा प्रश्न फार लवकर विचारला होता. १९६३ मध्ये देशातली पहिली कॅन्सर नोंदणी मुंबईत सुरू झाली, इंडियन कॅन्सर सोसायटीची. डॉ. जस्सावाला आणि जैन यांनी १९७७ मध्ये नऊ वर्षांच्या नोंदीतल्या २,१३० मुंबईकर बायकांचा धर्मानुसार अभ्यास छापला. स्तनाचा कॅन्सर सगळ्यात जास्त कुणात? पारशी बायकांत. ज्या समाजात अग्नी पवित्र म्हणून धूम्रपान निषिद्ध, आणि तंबाखू सगळ्यात कमी! उशिरा लग्न, कमी मुलं किंवा मूलच नाही, लांब आयुष्य, ही तिथली कारणं मानली जातात. याच पारशी समाजात तोंडाचा कॅन्सर कमी. म्हणजे एकाच शहरात तंबाखूचा कॅन्सर एका वस्तीत आणि स्तनाचा कॅन्सर दुसऱ्या वस्तीत जास्त.

नंतर नव्वदच्या दशकात डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या टीमने मुंबईच्या मतदारयाद्या घेऊन घरोघर जाऊन ९९,५९८ लोकांना तंबाखूबद्दल विचारलं. आणि ऐका, नोंदी केल्या हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरवर! तेव्हा मी जन्मलेही नव्हते. (सिक्युरिटीवाल्या उच्चभ्रू इमारती मात्र त्यांना वगळाव्या लागल्या. तिथे आजही कुरिअरवाला आत जाऊ शकत नाही.) निघालं काय, तर ३५ च्या पुढच्या ५७.५ टक्के बायका तंबाखू वापरत होत्या, जवळपास सगळ्या बिनधुराचा, आणि त्यात मिश्री आघाडीवर. हे नीट निघालं कारण विचारणाऱ्यांना 'मिश्री' हा शब्द माहीत होता. त्यांच्या यादीत तो होता.

१९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. दुकानातले डबे गेले, पण घरच्या तव्यावर कुठली बंदी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण ११ टक्के बायका तंबाखू वापरतात, आणि दारू पिणाऱ्या अर्धा टक्काही नाहीत. हवाईच्या संशोधकांना ज्या बायका शोधाव्या लागल्या, तशा, म्हणजे दारूला न शिवणाऱ्या पण तंबाखू वापरणाऱ्या, आपल्या प्रत्येक गावात ओट्यावर बसल्यात.

मग मावशीचं उत्तर काय? बिनधुराच्या तंबाखूने होणारे कॅन्सर म्हणून संशोधन संस्थांनी जी नावं पक्की केलीत ती तोंडाची, अन्ननलिकेची, स्वादुपिंडाची. त्या यादीत स्तनाचं नाव नाही. सिगारेटच्या धुराबद्दलही २०१४ च्या अमेरिकेच्या सरकारी अहवालाने 'संशय आहे, पण पुरेसा पुरावा नाही' इतकंच म्हटलंय. म्हणजे मी त्या रात्री ठोकून दिलेलं उत्तर अगदीच चूक नव्हतं. पण अर्धंच होतं.

उरलेलं अर्धं मला मावशीच्या डॉक्टरांकडून कळलं, तेही मी शेवटी धीर करून मिश्रीचं नाव घेतल्यावर. आजार होण्याआधीचा तंबाखू हा एक प्रश्न, झाल्यानंतरचा तंबाखू हा वेगळा. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, टाके भरायला वेळ लागतो. केमोमध्ये तोंड येतं, त्यावर मिश्रीचं बोट म्हणजे जखमेवर तिखट. धूर ओढणाऱ्यांचं तर आणखी कठीण. रेडिएशन घेतलेल्या आणि सिगारेट चालूच ठेवलेल्या बायकांत त्या रेडिएशनमुळे फुप्फुसाचा कॅन्सर होण्याचा धोका साधारण ४ टक्के, न ओढणाऱ्यांत ०.३ टक्के, असा २०१७ चा हिशेब आहे. २०१६ मध्ये २०,००० हून जास्त अमेरिकन रुग्ण बायकांच्या अभ्यासात निदानानंतरही ओढत राहिलेल्या जास्त संख्येने दगावल्या, सोडलेल्यांची स्थिती त्यांच्यापेक्षा बरी होती. दारूचं चित्र इतकं सरळ नाही. निदानानंतर थोडी पिणाऱ्यांचा आजार उलटतो का, यावर काही अभ्यास हो म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या ३,६५९ रुग्णांचा २०२३ चा अभ्यास मात्र नाही म्हणतो. मावशीला तो प्रश्नच नाही. मला आहे, कारण माझ्या आईच्या सख्ख्या बहिणीला हा आजार झालाय आणि माझ्या फ्रिजमध्ये नाशिकची वाइन आहे.

मी मावशीला सगळं सांगितलं. आकडे नाही, गोष्ट सांगितली. बेटी फोर्डची, पारशी बायकांची. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे मिश्रीनं झालं न्हाय." मी म्हटलं, तसंही म्हणता येत नाही मावशी, एका माणसाचं कुणीच सांगू शकत नाही. पण आता ती ठेवलीस तर बरं व्हायला त्रास होईल, हे मात्र नक्की. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे आधी सांगाय काय झालतं? पंधरा दिस मी देवाची माफी मागतीय." डबी तिने त्या दिवशी दिली नाही. महिन्याभराने दिली, तीही मला नाही, माझ्या आईला. मध्ये दोनदा परत सुरू केली, हेही सांगून टाकते.

माझ्या त्या ॲपमध्ये मी तिकीट टाकलंय: तंबाखूच्या रकान्यात प्रकार आणि सुरू केल्याचं वय घ्या, यादीत मिश्री घाला. प्रायॉरिटी 'लो' ठरली आणि ते अजून बॅकलॉगमध्ये पडलंय.

परवा तपासणीला गेलो होतो. टॅब घेऊन वेगळी मुलगी होती, प्रश्न तेच. व्यसन? मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "लिही. मिश्री. चाळीस वर्सं. आता चार महिनं बंद हाय."

मुलीने स्क्रीनवर वरखाली केलं. "मावशी, मिश्री नाहीये यात. 'इतर' टाकू?"

"इतर कशाला? नाव हाय की तिला."

मुलीने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, स्पेलिंग काय होईल?" मी सांगितलं.